मोड

तीन इंजिनं उघडून पडलीत
जालन्यात, जुन्या मोंढ्यामागच्या शेडात, डिझेलच्या परातींत.
एक परतूरचं. एक नांदेडहून, भंगारात किलोनं घेतलेलं.
तिसरं माझं,
अडुसष्टच्या फियाटचं, जी मी थकबाकीच्या पैशातून आणली
आणि घरी सांगितलं, कपाट घेतलंय.

तिघांतून एक करायचंय.
तेही नुसतं चालणारं नाही,
सात हजार फेऱ्यांवर न तुटणारं.

मतीनमामू मायक्रोमीटर लावायच्या आधी
क्रँकच्या पिनीवरून अंगठ्याचं नख फिरवतो.
नख अडलं की मामू अडतो.
‘मॅडम, आयटीआयत पोरांना शिकवता ते बरोबर,
पण आकड्याच्या आधी नख.’
मग आकडा. मी वहीत लिहिते:
परतूरची क्रँक आधीच तीसवर घासलेली,
चौथी पिन लंबगोल, दोन थाउला जरा कमी.
अजून घासायची तर तिच्यात क्रँकच उरली नाही.
तिसऱ्या रॉडचं मोठं तोंड निळं,
म्हणजे कधीतरी तेलाविना पळवलीय.
कॅमचा दुसरा लोब चपटा.
मालकानं फोनवर सांगितलं होतं, एकदम ओरिजिनल.

माझी क्रँक मात्र कोरी.
एकदाही घासलेली नाही, चारी पिनी मापात.
मी वहीत तिच्यापुढे आधीच बरोबरची खूण केली.
मामूनं तिला तारेनं अँगलला टांगलं
आणि छोट्या हातोडीनं नुसतं शिवल्यासारखं केलं.
वाजायला हवी होती, लांब,
देवळातून बाहेर पडल्यावरही पाठीमागं येते तशी.
ती ‘ठक्’ म्हणाली.
पंखा बंद केला.
बाहेरचा टेम्पो जाऊ दिला.
ठक्.

मग तेल लावून, पुसून, वर खडूची भुकटी.
चहा आला, संपला, कप परत गेले.
दुसऱ्या पिनीच्या कोपऱ्यात
तेल हळूहळू वर आलं
आणि पांढऱ्यावर केसाएवढी रेघ ओढली.
‘चाळीसनं चालवा, जन्मभर टिकंल,’ मामू म्हणाला.
‘तुमाला पळवायची ना? मग नक्को.’
मी चौपन्न वर्षांची आहे.
चाळीसनं चालवायचे सल्ले मला
मामूच्या आधीही बऱ्याच जणांनी दिलेत.

संध्याकाळी नांदेडचा ढीग धुवायला घेतला.
काळ्या चिकट थराखाली रॉड निघाले, आरशासारखे.
कुणीतरी कानशीनं, मग एमरीनं, मग बहुधा नुसत्या चिंधीनं
उभे घासलेले, आडवी एकही रेघ नाही.
कॅपवर ठिपके, एक, दोन, तीन, चार,
पंच असा सरळ की रांगोळीवाल्या बाईनं बघत बसावं.
नाव नाही. साल नाही.
‘टॅक्सीच्या इंजिनला असं काहून करंल कोणी?’
मामूनं चष्मा कपाळावर नेला, उत्तर दिलं नाही.

सकाळी टॉवेलात गुंडाळून सराफ्यात नेले.
बागरेचांचा पोरगा म्हणाला, ‘मोड आहे का, काकू?’
म्हटलं, तेच ठरवायचंय.
चांदीच्या काट्यावर त्यानं एकेक ठेवला,
एकदा आडवा, एकदा एक टोक टांगून, मग दुसरं,
मी सांगत गेले तसं, न हसता.
चौघांत फरक अर्ध्या ग्रॅमच्याही आत.
‘मजुरी चांगली झालीय,’ तो म्हणाला,
आणि काट्यावरचं ग्रीस पुसायला कापूस मागवला.

कोण होता तो, कोणत्या रस्त्यावर,
कोणत्या पहाटे पळवायचा, कुणाला न सांगता,
की पळवायच्या आधीच गाडी विकावी लागली?
त्याच्याही घरी बहुतेक
कपाटच सांगितलेलं असणार.

नांदेडची क्रँकही टांगली.
मामू तंबाखू मळत होता,
मळून झाली, चिमूट ओठाखाली गेली,
तरी ती वाजत होती.

माझी आता दारापाशी आहे,
रोलिंग मिलच्या गाडीची वाट बघत, पोत्यावर.
रॉड ठेवले. क्रँक ठेवली.
बोल्ट तेवढे नवे घ्यायचे.
जुन्या बोल्टवर मामूचा विश्वास नाही,
नख फिरवूनही नाही.